एकोणीस उणे एकोणीस

जसुकला दमाई आमच्या गावपालिकेची उपाध्यक्ष झाली ती कायद्यामुळे. एखाद्या पक्षानं अध्यक्षपदाला पुरुष दिला तर उपाध्यक्षपदाला बाई द्यावी लागते, म्हणून तिच्या पक्षानं शिवणयंत्रावरून तिला उठवून उभं केलं. उपाध्यक्षानं गावाचे तंटे सोडवायचे असतात. मी तिथला लेखनिक. दोन वर्षं तिचे निवाडे लिहिले. एकही खोडावा लागला नाही.

माघात राष्ट्रीय सभेची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची निवडणूक आली. तिथं सभासद सहा वर्षं बसतात, पण त्यांना सगळी जनता निवडत नाही. प्रांताचे आमदार आणि गावोगावचे अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडतात. आमदाराचं मत त्रेपन्न धरतात, अध्यक्ष-उपाध्यक्षांचं प्रत्येकी एकोणीस. दलितांच्या जागेवर जसुकलाच्या पक्षानं धनसरा लुहार ही शिक्षिका उभी केली होती. जसुकलाला अक्षरं तिनंच शिकवलेली.

आमचे अध्यक्ष हर्कबहादुर रावल विरोधी पक्षाचे. मतदान प्रांताच्या मुख्य ठिकाणी, सुर्खेतला होतं. बर्फानं रस्ता बंद झाला तसे ते जसुकलाला म्हणाले, "अगं, तुझे एकोणीस, माझे एकोणीस. वजा केले की शून्य. दोघंही घरी बसू. माझा गुडघा बघ."

"दाज्यू," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "घरात बसून केलेलं शून्य कोण मोजणार? मी जाणार."

"म्हणजे मलाही मरायला यावं लागेल!"

"या की. सावकाश चालू."

सोबतीला मी, असे आम्ही तिघं निघालो. बर्फापलीकडे जीप होती, दुपारपर्यंतच थांबणारी. पुढची दुसऱ्या दिवशी, म्हणजे मतदान संपल्यावर पोचणारी. निम्म्या वाटेत अध्यक्षांचा गुडघा आखडला. ते दगडावर टेकले आणि देवाला आणि आपल्या पक्षाला शिव्या देऊ लागले.

तेवढ्यात तिच्या पक्षाच्या सचिवाचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "लेखनिक आहे ना सोबत? तो बघेल म्हाताऱ्याला. तू पळ. एकोणीस आपले!"

तिनं फोन बंद केला. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. कळलं असं लिहिणं खोटं ठरेल. मग ती अध्यक्षांना म्हणाली, "उठा. इथं बसून शिव्या गोठतील."

एका बाजूनं तिनं, दुसऱ्या बाजूनं मी धरलं. जीप सुटता सुटता गाठली. सुर्खेतला दोघांनी एकामागोमाग मत टाकलं.

धनसरा लुहार पंधरा मतांनी हरली.

सचिव अंगावर आला. "त्याला उचलून आणलंस! आणलं नसतंस तर चारांनी जिंकलो असतो. कोणाची आहेस तू?"

"त्यांचं मत बर्फात पुरून आले असते, तर उद्या तंटे सोडवायला कुठल्या तोंडानं बसू?"

"बस तिथेच आयुष्यभर. पुन्हा तिकीट मिळायचं नाही."

ती सरळ शिक्षिकेच्या मुक्कामी गेली. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी तिला स्वतः सांगायचं होतं. मी दाराशी थांबलो. जसुकलानं काहीही न वगळता सांगितलं, फोनसुद्धा.

धनसरा बाई म्हणाल्या, "सहा वर्षं, जसुकला. सहा वर्षं मी तिथं बोलले असते."

"हो, गुरुमा."

बाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. माफही केलं नाही. जसुकला उभी राहिली, कारणं न सांगता, मान खाली न घालता, बाईंचं रडून होईपर्यंत. इतकं ताठ उभं राहिलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.