शेळी सापडते ते घर

आमच्या खेळात शेळी हरवते. खेळणाऱ्यानं शब्द टाइप करत गावभर फिरायचं, घरोघरी विचारायचं आणि दिवस मावळायच्या आत शेळी शोधायची. चित्र एकही नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं; भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. "तुम्ही विहिरीवर आहात. चिंचेखाली म्हातारा बसला आहे." मग आपण टाइप करायचं: बघ, जा, घे, विचार. यंत्राला समजलं नाही तर ते म्हणायचं, "काय म्हणता, कळंना."

हे "कळंना" मराठीच्या सरांचं. मी लिहिलं होतं, "आज्ञा अवैध आहे." ते वाचून सर म्हणाले, "हे गाव आहे का कलेक्टर ऑफिस?"

मी गणित शिकवायचो, ते मराठी. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. आमच्या शाळेला कुठल्याशा योजनेतून एक घरगुती कॉम्प्युटर मिळाला होता. म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. कॅसेट लावली की असा चिरका आवाज निघायचा की शिपाई दारातून ओरडायचा, "सर, सोडा त्याला, लई तळमळतंय!"

शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघं त्याच्यासमोर बसायचो. सर वाक्यं सांगायचे, मी ती प्रोग्रॅममध्ये बसवायचो. यंत्राची मेमरी इतकी तोकडी की एकेका शब्दावरून भांडण.

"'मऊ भाकरी'तलं 'मऊ' काढतो."

"मऊ काढल्यावर ती भाकर खाणार कोण? तुम्ही?"

खेळातलं गाव खरं वाटावं म्हणून एका रविवारी आम्ही सरांच्या गावी, बेंबळीला गेलो. सर बौद्ध घरातले. त्यांचं घर गावाच्या कडेला, वस्तीवर. गल्ल्यांचा नकाशा काढत, उन्हातून फिरत तिथं पोचलो. त्यांच्या आईनं पाट मांडला आणि लखलखीत तांब्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. "घ्या गुरुजी, उन्हातनं आलाव."

मी म्हणालो, "नको, पाणी आत्ताच झालंय."

कुठं झालं होतं? स्टँडपासून सर माझ्याबरोबरच होते. त्यांनी तांब्या उचलला, स्वतः पाणी प्याले आणि नकाशाकडे बोट करून म्हणाले, "ही गल्ली जरा वाकडी पाहिजे."

शाळेत त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी मी मागून खायचो. पण वस्तीवर, त्यांच्या आईच्या हातचा तांब्या समोर आला आणि मला माझ्या वडिलांचा चेहरा दिसला. भीती म्हणा, सवय म्हणा. दोन्ही होतं.

सोमवारी सर नवा नियम घेऊन आले. "कुणाकडंही गेलं की आधी पाणी प्यायचं. त्याशिवाय शेळीबद्दल कुणी तोंड उघडणार नाही. पाणी न पिता कोण कुणाला वाट सांगतं?"

नियम का सुचला ते मला कळलं होतं. पण खेळ म्हणून तो फक्कड होता. सगळी स्टाफरूम त्यात अडकली. हेडमास्तर चिंचेखालच्या म्हाताऱ्यापुढं "विचार, विचार" बडवत बसले, म्हातारा ढिम्म. शेवटी शिपाईच मागून म्हणाला, "साहेब, पाणी प्या की आधी!" एकाच घरी कुणी दोनदा पाणी मागितलं तर काय म्हणायचं, ते वाक्य मी लिहिलं: "पाणी आत्ताच झालंय." हाताला आलं तसं लिहिलं.

सरांच्या मनातला शेवट असा होता: शेळी वस्तीवरल्या शेवटच्या घरी सापडते. ती तिथंच व्यालेली असते. त्या घरच्या म्हातारीच्या हातचं पाणी प्यायचं, मग शेळी घेऊन निघायचं. ते घर बसवायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "मेमरी संपली, सर. मावत नाही." शेळी मी देवळामागच्या पिंपळाखाली नेऊन बांधली.

सर म्हणाले, "बरं."

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांना खेळात आपली शाळा हवी झाली, शाळेची बागही हवी झाली. मी दोन्ही आनंदानं बसवलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात खेळ गाजला, तुळजापूरहून लोक आले, आणि तेव्हापासून तो "गणिताच्या सरांचा खेळ" झाला. तेही मी कधी दुरुस्त केलं नाही. आज इथं लिहितो: गाव, माणसं, पाणी, सगळं सरांचं. माझं फक्त खोटं बोलून लावलेलं पिंपळाचं झाड.

नंतर आम्ही एकमेकांच्या घरी शेकडो वेळा जेवलो. सरांनी धाराशिवला घर बांधलं, त्याच्या गृहप्रवेशाला मी पंगतीत वाढायला होतो. पण बेंबळीला मी पुन्हा गेलो तो त्यांची आई गेल्यावरच. तो तांब्या राहिला तो राहिलाच.

शाळेनं भंगारात काढलेलं यंत्र मी घरी आणून माळ्यावर ठेवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात ते खाली काढलं. बायको म्हणाली, "आता हे खाली आणि मी माळ्यावर जाऊ का?" टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानं आतले दोन-तीन भाग बदलले आणि पडदा उजळला! पण कॅसेटला बुरशी लागली होती. खेळ गेला. मी सरांना फोन केला.

"मग परत लिहू की," ते म्हणाले. "आपल्याला कुठं शाळा भरवायचीय?"

रोज दुपारी ते भाजलेल्या शेंगा घेऊन येऊ लागले. पंचाहत्तरी उलटलेले दोघं चष्मे पुसत पुन्हा "मऊ"वरून भांडू लागलो. मला डुलकी लागली की ते एका बोटानं स्वतःच ओळी टाइप करत बसायचे. इतकं हसणं आमच्या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. गाव उभं राहिलं, विहीर आली, चिंच आली. मग वस्तीकडची वाट आली आणि मला थांबावंच लागलं.

"सर, तेव्हा मेमरी संपली नव्हती."

ते शेंग फोडत होते. "हेडमास्तरांची बाग मावली तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? बागेत तुम्ही गुलाब किती लावले होते, सर! पांढरे वेगळे, लाल वेगळे." हसले, मग हसू जरा थांबलं. "वाईट वाटलं होतं. आईला सांगितलं होतं ना मी, तुझं घर टीव्हीवर येणार म्हणून."

 त्यांनी शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली. "आता तरी बांधा. का अजून जागा न्हाय?"

घर बांधलं. म्हातारीचं बोलणं सरांनी सांगितलं, मी एक अक्षर कापलं नाही: "बस बाबा. आधी पाणी पी. शेळी काय पळून जात न्हाय." मी लिहिलं, तांब्या लखलखीत आहे. सर म्हणाले, "हे तुमच्या ध्यानात हाय व्हय?"

"आहे."

"मग ऱ्हाऊ द्या."

खेळून बघायच्या दिवशी त्यांनी कीबोर्ड माझ्यापुढं ढकलला. मी विहिरीवरून निघालो, घरोघरी पाणी प्यालो, वाट विचारत वस्तीवर पोचलो. म्हातारीनं पाणी पुढं केलं. मी टाइप केलं: पी.

पडद्यावर उमटलं, "पाणी आत्ताच झालंय."

पाणी प्यालं की यंत्र एक खूण ठेवतं आणि नव्या घरात शिरताना ती पुसायची असते. बाकी सगळ्या घरांत ती ओळ मी लिहिली होती. ह्याच घरात विसरलो होतो.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि असे हसले, असे हसले की शेंगदाणा घशात अडकला. बायको पाणी घेऊन धावली. "यंत्रालाबी तुम्हीच शिकवलं व्हय!" ठसका लागला तरी हसणं थांबेना. बायकोनं विचारलं, काय झालं. मग मी तिला बेंबळीच्या तांब्याचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.

ती म्हणाली, "मग दुरुस्त करा की. बसलाय काय?"

ओळ घातली. पुन्हा विहिरीपासून निघालो, पुन्हा चिंच, पुन्हा म्हातारा. पुन्हा ते घर. पी.

"पाणी गार आहे. संगं गूळ खा."

मग शेळी दिसली, शेजारी दोन पिलं. मी शेळी घेतली. एक पिलू घेतलं. दुसरं घ्यायला गेलो तर यंत्र म्हणालं, "हात भरले." एवढं वाक्य माझंच होतं. पुढं काय करावं कळेना, म्हणून म्हातारीपुढं टाइप केलं: विचार.

तिथं मी न लिहिलेली ओळ उमटली.

"दुसरं पिलू माझं लेकरू घिऊन येतंय. जावा दोघं."

मी वळून पाहिलं. सर खाली मान घालून शेंगा निवडत होते.