अक्कल डाव्या हाताला चालते

आमचा धाकटा भाऊ दुसऱ्यांचे दात करतो. म्हणजे कवळ्या. दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांचे दात काढतात आणि मागच्या खोलीत हा घालायचे बनवतो. गल्लीत त्याला ‘बत्तिशी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यालाही चालतं. मी एकदा म्हटलं, “अरे, अर्ध्या गावाच्या तोंडात तुझं काम आहे.” तर म्हणे, “म्हणूनच माझ्याविरुद्ध कोणी बोलत नाही.”

असं कधीतरी बोलतो. एरवी घुम्या.

त्याची ती मागची खोली मी पाहिलीय. एवढीशी खिडकी, स्पिरिटचा दिवा, सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, सगळे मिळून माझ्याबद्दलच बोलतायत. तो गुलाबी मेण ऊन करतो, त्यात एकेक दात बसवतो आणि मग डाव्या हातात बारीक चाकू घेऊन हिरड्या कोरतो. डावरा आहे. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून पाहिल्या, पट्ट्या मोडल्या, हा डावराच राहिला.

तर तो डावा हात. एका सकाळी माझ्याकडे चहाला आला होता. मी वरच्या मजल्यावर राहते, तो खालच्या. आणि बशी वाजायला लागली. बारीक, दात वाजावेत तशी.

“थंडी वाजतेय का रे?”

त्याने कप उजव्या हातात घेतला आणि डावा हात मांडीखाली सरकवला. चक्क हातावर बसला! पन्नाशी उलटलेला माणूस, कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा.

“काय होतंय हाताला?”

“कुठे काय?”

“मला नको सांगूस, माझ्या बशीला सांग.”

“ताई, चहा निवतोय तुझा.”

मग मी पाळत ठेवली. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. हात सैल सोडला की थरथरायचा. अंगठा बोटावर घासत राहायचा, मेणाची गोळी वळत असल्यासारखा. चाकू धरला की गप्प. म्हणून कामावर कोणाला पत्ता नव्हता. पण त्याला स्वतःला होता. ज्या दिवशी हा हात चाकू धरूनही थरथरेल, त्या दिवशी मागची खोली संपली. आणि दुसरं काही येत नाही हो त्याला. बल्ब बदलायचा तरी जिन्यातून मला हाक मारतो.

डॉक्टरकडे जा म्हटलं की त्याला ऐकू यायचं नाही.

आता कुत्रीचं सांगते. भावजय गेली तसं घर अगदी खायला उठायचं. मुलगी नोकरीला लांब. ‘बाबा एकटे पडलेत’ म्हणून तिने एक लांब कानांची, उनाड कुत्री आणून सोडली आणि लगेच परत गेली. काळजी तिची, केर काढायला आम्ही! उशिरा उगवली आणि ठणका लावला, म्हणून याने नाव ठेवलं अक्कलदाढ. लाडाने अक्कल. तेव्हापासून रोज सकाळी माझा सख्खा भाऊ गल्लीभर ओरडत फिरतो, “अक्कल! अगं अक्कल, कुठे गेलीस?” आणि मी खिडकीत बसून काही बोलायचं नाही? माझ्याच्याने होत नाही. “अरे, होती कधी, ती आता शोधतोयस?”

अक्कलला ओढायची भारी हौस. एकदा मांजर दिसलं आणि तिने याला कोपऱ्यापर्यंत फरफटत नेलं. दोन्ही गुडघे फुटले. पूर्वी असा पडला नसता. हल्ली पावलंच आखूड पडत होती, पाय उचलायच्याऐवजी घासत चालायचा. मी गुडघ्यांना औषध लावताना त्याच्याकडे नुसतं बघितलं. तर म्हणे, “कुत्रीला वळण नाही.”

वळण लावायला त्याने मैदानावरच्या क्लासला नाव घातलं. तिथे एक तरुण मुलगी कुत्र्यांना शिकवते. गळ्यात शिट्टी, पण कुत्र्यांसाठी कधी वाजवत नाही. “मालकांसाठी ठेवलीय, मावशी,” मला म्हणाली. मी तिला शिट्टीवाली म्हणते. ती शिकवायची त्यातली मुख्य गोष्ट ‘हील’. म्हणजे कुत्र्याने मालकाच्या डाव्या बाजूला, गुडघ्याला खांदा लावून चालायचं. मालक थांबला की थांबायचं, वळला की वळायचं, आणि सगळा वेळ मान वर करून मालकाच्या तोंडाकडे बघायचं. मी म्हटलं, “आमच्या पिढीत हे लग्न झालं की बायकांना शिकवायचे.” शिट्टीवाली एवढी हसली की तिचाच कुत्रा उठून उभा राहिला.

भाऊ या ‘हील’च्या कसून मागे लागला. गल्लीत सकाळी तो आणि अक्कल, पुढे-मागे, पुढे-मागे. डाव्या हातात चीजचा तुकडा, तोंडात एकच शब्द, “हील.” आणि काय सांगू, कुत्री वेड्यासारखी शिकली! एवढी उनाड, पण त्याच्या पायाला अशी चिकटून चालायची की मध्ये कागद शिरू नये. मान वर, कान मागे, डोळे लावलेले. खालचा शिंपी मशीन थांबवून बघायचा. “बत्तिशी, माझ्या पोराला पण घेऊन जा की क्लासला.”

भाऊ मग आणखी ताठ चालायचा. क्लासच्या शेवटी परीक्षा होती, तिच्यावर त्याचा जीव जडला. मी चिडवलं, “कुत्री पास होणार, तू नापास.” तर एकदम गंभीर होऊन म्हणाला, “ताई, ती शिकतेय. म्हणजे मला अजून शिकवता येतंय.” मी पुढचा टोमणा गिळला.

कारण वरून मला जे दिसत होतं ते त्याला खालून दिसत नव्हतं. अक्कल त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती. चालताना हात खाली सोडला की तो थरथरायचा, चीज असो वा नसो, आणि कुत्रीने मनाशी पक्कं केलं होतं की हात नाचतोय तोवर चिकटून चालायचं. त्याने शिकवलं एक, ती शिकली दुसरं. सांगणार कसं? सांगायचं तर आधी हात थरथरतो हे त्याने कबूल करायला हवं.

परीक्षेची रंगीत तालीम होती त्या दिवशी मीही मैदानावर गेले. सगळे मालक ओळीने उभे. शिट्टीवाली म्हणाली, “आज खाऊ नाही. डावा हात कमरेशी धरायचा, पोटावर घट्ट. कुत्र्याने तोंडाकडे बघायचं.”

भाऊ खूशच झाला असणार. हात पोटावर दाबून धरला की कोणाला काय दिसतंय? “हील” म्हणाला आणि निघाला. अक्कल थोडी चालली. मग तिने वर बघितलं, हात जागेवर नाही. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं आणि सरळ एका म्हाताऱ्या कुत्र्याला भेटायला गेली.

लोक हसले. भाऊ लाल झाला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने न राहवून हात खाली सोडला. बोटं नाचायला लागली आणि अक्कल धावत येऊन अशी चिकटली, जशी कधी गेलीच नव्हती.

“काका,” शिट्टीवाली म्हणाली, “तुम्ही हात हलवताय. इशारा चालत नाही परीक्षेत.”

आणि आमच्या शहाण्याने काय उत्तर द्यावं? “मुद्दाम शिकवलाय. माझी पद्धत आहे.”

“छान शिकवलाय. पण आता बंद करा.”

तो तसाच उभा.

“हात थांबवा ना, काका.”

त्याने हाताकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्याने उजव्या हाताने डावं मनगट धरलं, तर कोपर हलायला लागलं. अक्कल खाली बसून त्या बोटांकडे टक लावून बघत होती, शेपटी हलवत, बक्षिसाची वाट बघत. शिट्टीवाली पोर हुशार, तिला क्षणात कळलं. ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, “पुढचा नंबर कोणाचा? चला, चला.” त्या दिवशी पहिल्यांदा तिने शिट्टी वाजवली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

भाऊ पट्टा माझ्या हातात देऊन मैदानाबाहेर चालता झाला.

घरी गेले तर कडी आतून. मी दार बडवलं. “उघड, नाहीतर शिंप्याला बोलावते, तो तोंडाने दार तोडेल.” उघडलं. पलंगावर बसला होता, पुन्हा त्याच हातावर.

“चुगलखोर आहे ती,” अक्कलकडे न बघता म्हणाला.

“तिने चुगली नाही केली. तू शिकवलेलं करून दाखवलं.”

“परत पाठवून देतो तिला.”

“आणि हाताला कुठे पाठवणार?”

मग सांगितलं. कालच, खालचा जबडा कोरताना, चाकू हातात असताना हात थरथरला. एकदाच. हिरडीवर ओरखडा गेला, मेण पुन्हा वितळवावं लागलं. “कोणी बघितलं नाही,” म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, “ताई, मी काय करू गं?” लहानपणी पतंग फाटला की असाच विचारायचा. तेव्हा माझ्याकडे चिकटवायला काहीतरी असायचं.

डॉक्टरकडे मीच नेलं. त्यांनी बोटांची चुटकी वाजवायला लावली, व्हरांड्यातून चालायला लावलं आणि म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्यांनी आराम पडेल, वेळच्या वेळी घ्यायच्या. बरं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “सांभाळता येतं.” घरी येईपर्यंत मी त्या एका शब्दाचं काय करावं याचाच विचार करत होते.

गोळ्या आणल्या आणि पठ्ठ्या घेईना. “परीक्षा होऊ दे. हात थांबला तर ती बघायची नाही.”

“अरे, हात हलला तर ती मुलगी पास करायची नाही. दोन्हीकडून नापासच आहेस, मग गोळी घेऊन हो!”

तो हसला नाही. मीही नाही. मला कळत होतं, भांडण कुत्रीचं नव्हतंच. पहिली गोळी गिळली की तो आजारी. तोवर तो नुसता बत्तिशी. मी पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर बसून राहिले. माझ्यासारखी बडबडी बाई गप्प बसली की घरातल्यांना धडकी भरते, हे मला ठाऊक आहे. शेवटी घेतली.

डॉक्टरीणबाईंना मात्र त्याने स्वतःच सांगितलं. मला दारातच थांबायला लावलं. बाहेर आला, चप्पल घातली आणि अर्ध्या रस्त्यात म्हणाला, “सकाळी या म्हणाल्या. होईल तेवढं करा. उरलेलं बाहेरून करून आणू.” चांगल्या बाई आहेत, वेडंवाकडं बोलणाऱ्या नाहीत. पण ते ‘उरलेलं’ किती असेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही.

परीक्षेला गेलाच नाही. शिट्टीवाली घरी येऊन सांगून गेली, “काका, पुढच्या तुकडीत या. पहिल्यापासून शिकवू.” गोळ्यांचा गुण हळूहळू यायला लागला. हात खाली सोडला तरी शांत. आणि अक्कल पुन्हा उनाड. तो “हील” म्हणतो, ती त्या शांत हाताला नाक लावते, हुंगते, वर बघते, आणि निघून जाते. आता तो चीजचा तुकडा स्वतःच्या ओठांपाशी धरतो, म्हणजे तिने तोंडाकडे बघावं. कमरेत वाकून, “इकडे, अगं इकडे बघ माझ्याकडे,” असं गयावया करतो. मी खिडकीतून म्हणते, “बायकोला एवढं कधी विनवलं नव्हतंस.” चार पावलं बघते कधी, कधी तेवढीही नाही.

कालचंच सांगते. खाली दोघांचं असंच चाललं होतं. कुत्री शिंप्याच्या दारात लोळत होती, हा घसा कोरडा करत होता. आणि एकाएकी ती उठली, धावत आली, त्याच्या डाव्या पायाला खांदा लावला, मान वर केली आणि चालायला लागली. पाऊल त्याच्या पावलाला जुळलेलं, वळणावर वळणं. परीक्षेत कोणीही पहिला नंबर दिला असता. शिंप्याने मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या, “वा बत्तिशी, जमलं की!”

भाऊ थांबला. त्याने हाताकडे बघितलं, मग वर माझ्या खिडकीकडे.

“ताई, गोळीची वेळ झाली का गं?”

“वर ये,” मी म्हटलं. आणि पेल्यात पाणी ओतलं.