ट्यूनाने तोडलेली दोरी

तात्यांच्या गळाला जवळजवळ होडीएवढा ट्यूना लागला आणि त्याने होडी तासभर फरफटत नेली. किनारा दिसेनासा झाला, तशी एरवी फुशारक्या मारणाऱ्या तात्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी सुरीने दोरी कापली. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "दोरीच तोडली त्याने. नाहीतर मी कसला सोडतोय."

जाळी-दोऱ्या सांधणाऱ्या बायकोने ते टोक बोटांत फिरवून पाहिलं. तुटलेल्या दोरीच्या झिपऱ्या होतात. हे टोक सरळ होतं. तिने दोरी खुंटीला टांगली.

सकाळी अख्खं बंदर दोरी बघायला दारात आलं. तात्यांनी जीव मुठीत धरून ती पुढे केली. टोकाचे धागे कोणीतरी निगुतीने पिंजून ठेवले होते. आत बायको भांडी घासत होती, जरा जास्तच आदळआपट करत.