बिननावाचा बैल

अख्ख्या नागपुरात जावयाला भर मैदानात नापास करणारा सासरा एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. तसे ते माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे मामा. पण रुबाब दोन सासऱ्यांचा! आमच्या धरमपेठेतल्या कॉलनीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात आणि चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. परीक्षक वर्षानुवर्षं हेच मामा. पहिल्या वर्षी मी दोन दिवस रजा टाकून लेकीच्या बैलाला मखमली झूल शिवली, शिंगांना सोनेरी कागद लावला, पाठीवर 'पाणी वाचवा'चा फलक रोवला. मामांनी त्या वैभवाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीला एवढंच विचारलं, "याचं नाव काय वं?" लेक माझ्याकडे पाहू लागली. मी घाईघाईनं "सर्जा!" म्हणालो. "मी पोरीले विचारून राहिलो, जावईबापू. बाद!" बक्षीस गेलं चिंध्या गुंडाळलेल्या एका बैलाला, कारण त्याच्या मालकानं त्याचं नाव 'ढोकळा' ठेवलं होतं. ढोकळा! मी चार दिवस धुमसत होतो.

बरं, हा छळ पोळ्यापुरता असता तर सोसला असता. शाळेच्या क्रीडादिनाला हे न बोलावता हजर. लिंबू-चमच्यात पहिल्या आलेल्या पोराचा चमचा यांनी उलटा केला, तर लिंबू खाली पडेचना! आईनं डिंकानं चिकटवलं होतं. पोरगा माझ्या सख्ख्या साडूचा. दोन महिने अबोला. विज्ञान प्रदर्शनात लेकीच्या ज्वालामुखीपुढे उभे राहून मलाच म्हणाले, "छान बनवला. कितवीत आहात तुम्ही?" घरच्या सत्यनारायणालाही सुटका नाही. आरती विसरलेल्या पोराच्या कानात आई पुटपुटली की यांचा आवाज चढलाच, "काहून सांगता? चुकू द्या ना त्याले! वाढायचं त्याले आहे का तुम्हाले?" आता यावर माणसानं बोलायचं काय, कपाळ?

यंदा पालकांच्या तक्रारी गेल्या (एक माझीही होती, खोटं कशाला बोलू) आणि कॉलनीच्या मंडळानं मामांना काढून नवे परीक्षक आणले. मामा आता घरी बसतील, असं वाटलं. कसले बसतात! धुतलेली टोपी घालून, पोरांच्या मधोमध, हातात कोराकरकरीत लाकडी बैल घेऊन रांगेत उभे! नवे परीक्षक फिस्सकन हसले आणि पुढे गेले. माझं डोकंच फिरलं, आणि तेही मामांसाठी. अरे, म्हाताऱ्या माणसाच्या बैलाकडे घटकाभर पाहिलं तर काय बिघडतं तुमचं? मी तरातरा पुढे होणार, तेवढ्यात माझी लेक कमरेवर हात ठेवून मामांपुढे उभी राहिली. "आजोबा, याचं नाव काय?"

मामा गडबडले. "नाव... ठेवलंच नाही वं."

मी उसळलोच. "पाच वर्षं आम्हाला बाद केलंत, आणि स्वतःच्या बैलाला नाव नाही?"

"लहानपणी सावनेरले घरी खरे बैल होते, जावईबापू. नावं बापानं ठेवलेली. मी लाकडाचा मागितला, तर बाप म्हणे, गोठ्यात जोडी उभी आहे, खेळणं कशाले पाहिजे? हा आता पेन्शनीतून घेतला. रांगेत पहिल्यांदाच उभा आहे मी."

मला गलबलून आलं. लेक विरघळेल असं वाटलं होतं. छे! "मग बाद!"

मामांचा चेहरा असा खुलला की पहिल्या नंबरवाल्याचाही खुलला नसेल. "बरोबर! एकदम बरोबर!" मग हळूच म्हणाले, "तूच सुचव ना वं एखादं."

"मी काहून सांगू? वाढायचं तुम्हाले आहे का मले?"

तेव्हापासून रोज सकाळी मामांचा फोन येतो. नवं नाव सुचलेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनीच ते बाद केलेलं असतं. मामांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना दम लागतो, पुढचा तान्हा पोळा अजून लांब आहे. मी वैतागून ओरडतो, "मामा, ठेवा ना एकदाचं काहीतरी!" आणि फोन ठेवला की देवाला विनवतो, यांना इतक्यात नाव सुचू देऊ नकोस.