मनतशाचा थेंब अन् आमचा नवसागर

मनतशा माझी धाकटी बहीण. सख्खी. कंधारमधी कुणालाबी विचारा, निजामोद्दीन कल्हईवाल्याची बहीण नांदेडला विद्यापीठात काय करून राहिली. समद्यांना ठाऊक हाय, कारण मीच सांगत फिरतो. मी सातवीपर्यंत शिकलो. पण आख्ख्या तालुक्यात माझ्या हातावानी कल्हई कुणाची न्हाई.

त्या दिवशी ती घरी आली ती तोंड पाडून. बॅगेत तांब्याच्या चार पट्ट्या अन् बाटलीत एक चकचकीत गोळा.

"पारा हाय का?"

"न्हाई भाईजान, गॅलियम धातूची मिसळ. पाऱ्यावानी वाहते. पण हवा लागली की दुधावानी साय धरते. लई पातळ, डोळ्यांना दिसत न्हाई."

त्या सायीपायी थेंब तांब्याला धरंना. दोन महिने झाले. तिच्या गाईड सुकन्या मॅडम उद्या दहाला बघणार होत्या. जमलं न्हाई तर विषय बदलून देणार. अन् पोरीला तर हाच विषय पाहिजे. जेवतानाबी सायीचंच बोलती.

"एवढंच? आण इकडं. वीस वर्षं तांब्यावर कथिल पसरवून राहिलो मी."

पट्टी तापवली, थेंब सोडला, कापसाचा बोळा फिरवला. पट्टी कशी चांदीवानी!

"घे. दाखव मॅडमला."

तिनं नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला, खाली तांबं लालच्या लाल.

"हे पसरलं न्हाई, भाईजान. तुम्ही साय चोपडली."

अम्मी तोंडाला पदर लावून हसली. मला लई लागलं.

"कथिल असतं तर दाखवलं असतं! नवसागर टाकला की कसं धरतं बघ."

"नवसागर का टाकता?"

वीस वर्षांत हे मला कुणी इचारलं नव्हतं. "अब्बा टाकायचे. धूर निघतो, तांब्यावरचा काळपटपणा जातो."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मग तो धूर थेंबाला लागला तर सायबी जाईल?"

दुसरी पट्टी तापवली. तिनं स्वतः चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा धूर, समदे खोकून राहिले. थेंब आधी टम्म गोल झाला, मोत्यावानी. अन् मग सर्रकन पट्टीभर! त्यात माझ्या मिशा दिसल्या. नखानं निघंना.

संध्याकाळपर्यंत मी गल्लीत सांगून आलो.

सकाळी पट्टी काढली तर आरसा गायब. करडी, वाळूवानी खरबरीत. मी हळूच म्हणलो,

"ही इथंच ठेव. तिथं नवी कर."

ती पट्टी उजेडाकडं धरून फिरवत होती. "कथिल असं करतं का कधी?"

"कधीच न्हाई."

"म्हणजे हे तांब्यात मुरून राहिलं, भाईजान!" असं म्हणत तिनं पट्टी ओढणीत गुंडाळली. सातची बस धरली. मीबी सोबत गेलो.

मॅडमपुढं तिनं नवा आरसा केला. मॅडमनी होकाराची मान हलवली. पण खरबरीत पट्टी मात्र लई वेळ हातात धरून बसल्या.

"ही अशी का झाली?"

"माहीत न्हाई, मॅडम."

"मग विषय कशाला बदलायचा? हेच शोध."

मी दारातूनच म्हणलो, "मॅडम, नवसागर आमच्या दुकानचा हाय."

मनतशा वळली. "अजून पुडी हाय का, भाईजान?"

खिशात तीन होत्या.