मिसिंग सिन्स संक्रांत

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. दहिवलीपासून साजगावपर्यंत मला आता 'बायको हरवलेला माणूस' म्हणून ओळखतात. आणि बायको हरवलेलीच नव्हती हो!

झालं असं, संक्रांत झाली आणि सुनंदा मुलीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेली. दहिवलीत मी एकटा. सुरुवातीला काय मजा वाटली! मग सकाळी चुकून दोन कप चहा टाकायला लागलो. एकदा तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "अगं, पेपर आला का?" कुणाला? कुकरला!

करमत नाही, एवढं तिला सांगावंसं वाटायचं. पण फोन लावला की तोंडून निघायचं, "पाणीपट्टी भरली." इतक्या वर्षांत असलं काही बोललोय कुठे आम्ही?

अशात शेजारच्या नव्या सुनेचं, पल्लवीचं, स्टेटस दिसलं. परगावी गेलेल्या नवऱ्याचा फोटो आणि खाली 'मिसिंग यू'.

"म्हणजे काय गं?"

"आठवण येते, काका."

वा! इंग्रजीत लाजच वाटत नाही की! सुनंदाचा एकटीचा फोटो शोधला. मिळाला तो पासपोर्टचा, डोळे वटारलेला. तोच लावला. 'यू' या वयात जरा जास्तच वाटलं, म्हणून गाळलं. माहिती मात्र पूर्ण दिली : 'मिसिंग सिन्स संक्रांत'.

आणि तेव्हा होळी तोंडावर आली होती!

दुसऱ्या दिवशी दूधवाला बाळू पडलेल्या चेहऱ्यानं आला.

"काका, काकींचं बघितलं. खरं हाय?"

मी लाजलो. "हो रं. घर खायला उठतं."

"मंग तक्रार केली का नाय?"

"तक्रार कसली? मीच तर पाठवलं तिला!"

बाळू दोन पावलं मागे सरकला. दूध न मोजताच ओतून पळाला.

दुपारपर्यंत फोटो नेरळ-खोपोलीला पोहोचला. साजगावहून सुनंदाचा मावसभाऊ गणपत टेंपोभर माणसं घेऊन दारात हजर! हा फक्त लग्नकार्यात भेटणारा. ती बंगळुरूला गेल्याचं त्याला कुठून कळणार?

"भावजी, ताई संक्रांतीपासनं गायब, आन् तुमी पोहे खाताय?"

मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. सुनंदा! गणपतनं झडप घालून स्पीकर लावला.

"अहो, मी हरवलेय का?"

"तुला कोण म्हणालं?"

"माझा फोटो फिरत फिरत माझ्याकडेच आलाय. 'आढळल्यास कळवा' म्हणे. म्हणून कळवतेय. आढळलेय मी. नातवाला अंघोळ घालतेय."

टेंपोतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"अगं, मिसिंग म्हणजे आठवण येणं! इंग्रजीत तसं म्हणतात."

"मग मराठीत म्हणा की."

आली का पंचाईत! अख्खी गल्ली कान टवकारून उभी. तिचा आवाज इतका जवळ आणि ती कुठल्या कुठे. शब्द अगदी ओठांवर आला, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"साखरेचा डबा कुठे ठेवलायस?"

पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मलाही येते हो," ती हळूच म्हणाली. "पण साखर कशाला शोधताय? डायबिटीस आहे ना तुम्हाला?"