जावकबाईंचा शिक्का

आमच्या बिबवेवाडीच्या ऑफिसातून ग्राहकाला ईमेल जायची असेल, तर आधी तिची छापील प्रत निघायची, ती जावकबाईंच्या टेबलावर जायची आणि बाईंनी तिच्यावर 'जावक' असा जांभळा शिक्का मारला, तरच मला ती पाठवता यायची. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसले होते, नोकरीच्या पहिल्या दिवशी.

बाई खडकीच्या एका कारखान्यात तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळून निवृत्त झालेल्या. आलेल्या पत्रावर 'आवक', जाणाऱ्यावर 'जावक', एवढंच काम. पण जाणारं प्रत्येक पत्र त्या वाचत. घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आल्या, त्या स्वतः करवून घेतलेले तसेच दोन शिक्के घेऊन. आम्ही कणीक मळायची यंत्रं बनवायचो. मी वर्ध्याहून एमबीए होऊन आलेली मार्केटिंगवाली, आणि माझं लेखन तपासणार एक निवृत्त कारकूनबाई! मला भयंकर राग आला होता.

माझी पहिली ईमेल 'आपल्या व्यवसायात क्रांती घडवणारे अत्याधुनिक तंत्रज्ञान' अशी सुरू होत होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे कोणाला लिहिलंय?" मी म्हटलं, सगळ्या ग्राहकांना. "त्यातल्या एकाचं नाव सांगा." मी यादी शोधायला लागले. मग लाल पेन निघालं आणि एकेका ओळीवर 'उडवलं, उडवलं' सुरू झालं. आमचं यंत्र घेतल्यावर ग्राहक निश्चिंत झोपेल, असंही मी लिहिलं होतं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "गादीही आपणच पाठवणार का?" एरवी मला 'अगं' म्हणणाऱ्या बाई चिडल्या की 'आपण'वर येत.

मी हट्टाने ती ईमेल शिक्क्याशिवायच पाठवली. यादीतल्या सगळ्यांना, दुपारी ठीक बारा वाजता. एकाचंही उत्तर आलं नाही. त्याच आठवड्यात मालकांनी सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत ऑर्डरी आल्या नाहीत, तर कारखाना बंद करून बाहेरून आणलेली यंत्रं विकायची. म्हणजे खाली काम करणारे सहा फिटर घरी बसणार. त्या दिवशी जिना उतरताना मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी बाई मला धायरीला घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या ओळखीच्या एक बाई वसतिगृहाची मेस चालवायच्या. बारा वाजता त्या मेसवाल्या बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते, कारण कणीक मळणारी मावशी आली नव्हती. साडेतीनला त्यांनी हात धुतले, चहा घेतला, मोबाइल उघडला आणि आलेल्या सगळ्या ईमेल अंगठ्याने भराभर पुसून टाकल्या. "बघितलंस?" जावकबाई म्हणाल्या. "तुझी क्रांती अशीच गेली."

तिथेच, त्या मेसच्या बाकावर बसून मी नवी ईमेल लिहिली. 'कणीक मळणाऱ्या मावशी आल्या नाहीत, तर त्या दिवशी तुमच्याकडे पोळ्यांचं काय होतं?' मग यंत्र किती वेळात किती कणीक मळतं, ते. शेवटी, येऊन स्वतःच्या पिठावर चालवून बघा. बाईंनी वाचलं आणि एकच वाक्य घालायला लावलं : 'हे यंत्र भाकरीचं पीठ मळत नाही.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते वाचून मालक भडकले. स्वतःच्या मालाची खोट कोणी लिहितं का, हे वाक्य काढा, म्हणाले. बाई जागच्या हलल्या नाहीत. "ते त्यांना घेतल्यावर कळणारच आहे. आपण आधी सांगितलं, तर बाकीचं खरं वाटेल. काढायचं असेल तर काढा, पण मग शिक्का मिळणार नाही." मालकांनी तो कागद परत बाईंपुढे सरकवला आणि ते केबिनमध्ये गेले. बाईंनी शिक्का मारला. आम्ही चाळीस जणांना, प्रत्येकाचं नाव घालून, पावणेचारला ती पाठवली.

साडेचारला पहिलं उत्तर आलं. एका कँटीनच्या कंत्राटदाराचं, दोन ओळींचं : 'भाकरी आमच्याकडे हातानेच थापतात. यंत्र बघायला कधी येऊ?' मी ते छापून धावत बाईंकडे नेलं. त्यांनी खणातून दुसरा शिक्का काढला. त्याचं पॅड सुकलेलं होतं, त्यावर त्यांनी पाणी शिंपडलं आणि खणखणीत आवाज करत 'आवक' उमटवलं. खाली फिटरांनाही तो आवाज ऐकू गेला असावा, कारण एकेक जण वर येऊन तो कागद बघून गेला. दिवाळीला कारखाना बंद झाला तो फक्त चार दिवस, सुट्टीपुरता. नंतर आणखी दोन फिटर घ्यावे लागले. मला इतका आनंद पुढे कुठल्याच पगारवाढीने झाला नाही.

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बाईंनी काम सोडलं. 'जावक' माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. आता नवीन मुलांच्या ईमेलवर तो मी मारते आणि मुलं माझ्यावर चिडतात. 'आवक' मात्र त्यांनी सोबत नेला. मला जरा लागलंच ते.

महिन्याभराने मी त्यांना ईमेल लिहिली. चांगली चार परिच्छेदांची, मार्गदर्शन आणि ऋण वगैरे शब्द घातलेली. आठवड्याने पोस्टाने पाकीट आलं. आत माझीच ईमेल, नातवाकडून छापून घेतलेली. पहिले तीन परिच्छेद लाल पेनने उडवलेले. चौथ्यातली एकच ओळ शिल्लक होती : 'बाई, तुमच्याशिवाय ऑफिसात करमत नाही.'

आणि तिच्याखाली, जांभळ्या शाईत, नीट दाबून मारलेला शिक्का : आवक.